'हे कसलं मेजर?' : ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीजची ओळख



घरात हायस्कूलचं सीनियर मूल असलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसतो. कुठे अर्ज करायचा, कुठलं मेजर घ्यायचं. आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत हे मेजर चार खणांपैकी एका खणात बसतं : इंजिनियरिंग, कॉम्प्युटर, प्री-मेड आणि फार तर बिझनेस. आमच्या लेकीने बारा-तेरा वर्षांपूर्वी पाचवाच खण उघडला. म्हणाली, "मला एचडीएफएस करायचंय." आमच्यापैकी एक जण सॉफ्टवेअरमधला. त्याला वाटलं ही हडूपची फाइल सिस्टीम, आणि तो मनापासून खूष झाला. खुलासा झाल्यावर घरात जे झालं ते इथे सविस्तर लिहीत नाही. "म्हणजे बालवाडीची बाई होणार का?" हे वाक्य आम्हीच बोललो, एवढं कबूल करतो.

त्यानंतर आम्ही या विषयाची बरीच माहिती काढली, काही ऐकून, काही वाचून, काही चुका करून. गेल्या दोन-तीन वर्षांत मंडळातल्या चार-पाच घरांतून आम्हाला याबद्दल फोन आले, म्हणून एकदा सगळं एकत्र लिहून ठेवावं असं ठरवलं.

हा विषय आहे तरी काय?

ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज, म्हणजे माणसाची वाढ आणि कुटुंबातली नाती यांचा शास्त्रीय अभ्यास. मूल बोलायला कसं लागतं, रडणारं बाळ आईला पाहून शांत का होतं, किशोरवयात मुलं घरच्यांपासून का दुरावतात, घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो, म्हातारपणी भावंडांचं नातं कसं बदलतं. जन्मापासून मरणापर्यंतचा सगळा पट यात येतो. मानसशास्त्र मुख्यतः एका माणसाकडे पाहतं, समाजशास्त्र समाजाकडे. हा विषय त्या दोघांच्या मधल्या घराकडे पाहतो.

नावांचा गोंधळ मात्र भरपूर आहे. कुठे फॅमिली सायन्स, कुठे ह्यूमन इकॉलॉजी, कुठे चाइल्ड डेव्हलपमेंट, कुठे नुसतंच ह्यूमन डेव्हलपमेंट. शिवाय हा विभाग कुठल्या कॉलेजात असेल याचाही नेम नाही. पेन स्टेटमध्ये तो आरोग्याच्या कॉलेजात आहे, ओहायो स्टेटमध्ये शिक्षणाच्या, विस्कॉन्सिनला मॅडिसनमध्ये स्कूल ऑफ ह्यूमन इकॉलॉजीत, आणि इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर चक्क शेतकी कॉलेजात. कॅलिफोर्नियात यूसी डेव्हिसचंही तेच. अर्ज भरताना पोरं 'मानसशास्त्र' नावाखाली शोधत बसतात आणि विभाग सापडत नाही, त्याचं कारण हे.

शेतकी कॉलेजात मुलांचा अभ्यास?

याला इतिहास आहे, आणि तो आम्हाला फार आवडला. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी लँड-ग्रँट विद्यापीठं उभी राहिली. मुलगे शेती शिकायला येत, मग मुलींना काय शिकवायचं? त्यातून होम इकॉनॉमिक्स आलं. एलन स्वॅलो रिचर्ड्स ही एमआयटीतून पदवी घेणारी पहिली स्त्री, रसायनशास्त्रज्ञ. तिने १८९९ पासून लेक प्लॅसिडला परिषदा भरवल्या. घर चालवणं हे शास्त्र आहे, पाणी, अन्न, स्वच्छता यांचा प्रयोगशाळेत अभ्यास व्हायला हवा, असं या मंडळींचं म्हणणं. आपल्याकडे 'होम सायन्स' म्हणजे स्वयंपाक, शिवण आणि लग्नाच्या बाजारातली पदवी अशी थट्टा व्हायची. आम्हीही केली आहे. तिची सुरुवात एका रसायनशास्त्रज्ञ बाईने केली हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरी कथा आयोवाची. कोरा बसी हिलिस ही कुठल्या विद्यापीठात शिकवणारी बाई नव्हती, गृहिणी होती. तिची काही मुलं लहानपणीच गेली होती. तिचा मुद्दा साधा होता : आयोवा राज्य मका आणि डुकरं सुधारण्यासाठी संशोधनाला पैसे देतं, मग मुलांसाठी का नाही? बरीच वर्षं ती हे मांडत राहिली, आणि १९१७ साली आयोवा विद्यापीठात चाइल्ड वेलफेअर रिसर्च स्टेशन सुरू झालं. १९२० च्या दशकात रॉकफेलरांच्या निधीतून मिनेसोटा, बर्कली, येल अशा ठिकाणी अशाच संस्था उभ्या राहिल्या.

याच आयोवा केंद्रात एक अभ्यास झाला. तो सांगायलाच हवा, कारण आमचं मत तिथे बदललं. १९३० च्या दशकात हॅरल्ड स्कील्स नावाचे मानसशास्त्रज्ञ अनाथाश्रमातल्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेत. आश्रमात गर्दी, माणसं कमी, बाळं दिवसदिवस पाळण्यात पडलेली. दोन तान्ह्या मुली इतक्या मंद वाटल्या की त्यांना मतिमंदांच्या संस्थेत पाठवून दिलं गेलं. काही महिन्यांनी स्कील्स तिथे गेले तर त्या मुली हसताहेत, खेळताहेत, वयाला शोभेल असं वागताहेत. कारण काय? संस्थेतल्या बायकांनी त्यांना कडेवर घेतलं होतं, त्यांच्याशी बोलत होत्या, खेळत होत्या. मग स्कील्सनी एकूण तेरा मुलं अशीच या बायकांकडे ठेवली आणि अनाथाश्रमात राहिलेल्या बारा मुलांशी त्यांची तुलना केली. तेरा जणांचा बुद्ध्यंक सरासरी पंचवीसहून जास्त गुणांनी वाढला. आश्रमातल्या बारा जणांचा साधारण तेवढाच घसरला. १९३९ साली हे छापून आलं तेव्हा मोठमोठ्या प्राध्यापकांनी टर उडवली, कारण बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असं तेव्हा बहुतेक जण मानत. स्कील्सनी ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शोधून काढली आणि १९६६ साली निष्कर्ष छापले. तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते. दुसऱ्या गटातले काही जण तेव्हाही संस्थेतच होते.

अभ्यास लहान आहे, आजच्या कसोटीला त्यात उणिवाही आहेत. पण लेकीने हे आम्हाला थँक्सगिव्हिंगला घरी आल्यावर भांडी घासता घासता सांगितलं, आणि "बालवाडीची बाई" हे शब्द आम्ही पुन्हा उच्चारले नाहीत.

या विषयाच्या इतिहासात लाज वाटावी अशीही पानं आहेत. कॉर्नेलमध्ये १९१९ पासून १९६९ पर्यंत होम इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थिनींना 'सराव' म्हणून अनाथाश्रमातली तान्ही बाळं दिली जात. सात-आठ मुली पाळीपाळीने आई व्हायच्या आणि बाळ वर्षभराने दत्तक जायचं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. विशेष म्हणजे हे चूक का, याचं उत्तरही याच विषयाने शोधलं. इंग्लंडमधले जॉन बोल्बी आणि नंतर अमेरिकेत मेरी एन्सवर्थ यांनी बाळाला एका ठरावीक माणसाची ओढ का लागते याचा अभ्यास केला. एन्सवर्थबाईंनी तो आधी युगांडातल्या घरांत बसून केला आणि मग बाल्टिमोरमध्ये.

कॉर्नेलचंच आणखी एक नाव म्हणजे युरी ब्रॉनफेनब्रेनर. मूल कसं वाढतं हे समजायचं तर घर, शाळा, आईवडिलांची नोकरी, राज्याचे कायदे, सगळी वर्तुळं एकात एक पाहायला हवीत, असं त्यांनी १९७९ च्या पुस्तकात मांडलं. १९६५ साली सुरू झालेल्या हेड स्टार्ट योजनेच्या शिल्पकारांपैकी ते एक. गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीची ही योजना पुढे साठ वर्षं टिकली.

आपल्याकडे हे नव्हतं का?

होतं, आणि चांगलं होतं. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो देशभर पोचला. विद्यापीठातलं शिक्षण म्हणाल तर बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना होम सायन्सची विद्याशाखा सुरू झाली. तिथल्या ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज विभागातल्या प्रा. टी. एस. सरस्वती यांचं नाव या क्षेत्रात अमेरिकेतही आदराने घेतलं जातं. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतनमध्येही हा विषय शिकवतात. भारतातून पदवी घेऊन इथे मास्टर्सला येणाऱ्या मुली बऱ्याचदा या तिन्हींपैकी एका ठिकाणच्या असतात, असा आमचा अनुभव.

चार वर्षांत शिकवतात काय?

बॅचलर्स साधारण १२० क्रेडिट्सची. पहिल्या दोन वर्षांत वाढीचे टप्पे, कुटुंबाची ओळख, मानसशास्त्र, समाजशास्त्र. पुढे बालपण, किशोरवय, प्रौढपण, वार्धक्य असे वेगळे कोर्सेस, पालकत्व, विवाह आणि नाती, कुटुंबविषयक धोरणं. संशोधनाच्या पद्धती आणि स्टॅटिस्टिक्स बहुतेक ठिकाणी सक्तीचे आहेत. "सोपं मेजर आहे" असं ऐकून आलेली मुलं इथेच अडखळतात. आमच्या लेकीचा सगळ्यात कमी ग्रेड स्टॅटिस्टिक्सचा, आणि तिची शिकवणी घेणारा तिचा बाबा होता, हे त्याने लिहायला लावलं आहे.

बऱ्याच विद्यापीठांची स्वतःची पाळणाघर-बालवाडी असते, तिला चाइल्ड डेव्हलपमेंट लॅब म्हणतात. काचेच्या एका बाजूला मुलं खेळतात, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी वही घेऊन बसतात. पहिला धडा असा की 'मूल रागावलं' असं लिहायचं नाही. 'मुलाने ठोकळा जमिनीवर टाकला आणि तोंड फिरवलं' असं लिहायचं. दिसलं ते वेगळं, आपण लावलेला अर्थ वेगळा. ऐकायला सोपं वाटतं, करून पाहा. लॅबमध्ये पाय ठेवण्याआधी पोलिस रेकॉर्डची तपासणी, लशींचे कागद वगैरे लागतात, त्याला वेळ ठेवावा. शेवटच्या वर्षी बहुधा प्रॅक्टिकम असतं, म्हणजे एखाद्या संस्थेत शेकडो तास प्रत्यक्ष काम.

एक गोष्ट पालकांनी आधीच माहीत करून घ्यावी. मुलांबरोबर काम करणाऱ्याला इथे कायद्याने 'मँडेटेड रिपोर्टर' मानतात. मुलाला मारहाण होते किंवा त्याची हेळसांड होते असा रास्त संशय आला तर सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. लेक हे शिकून आली आणि तिने आम्हाला तिसरीतल्या त्या धपाट्याची आठवण करून दिली. पालकांनी मर्यादेत दिलेली शारीरिक शिक्षा अमेरिकेत बेकायदा नाही, पण अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पिडिअ‍ॅट्रिक्सने २०१८ च्या निवेदनात मारू नका असंच सांगितलं आहे. आम्ही आधी हसून नेलं. ती हसली नाही. तिला तो दिवस, ती खोली, अंगातला फ्रॉक सगळं आठवत होतं. आम्हाला काहीच आठवत नव्हतं.

अभ्यास घरात शिरतो तो असा. जीनोग्राम नावाचा एक अभ्यास असतो : तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा आणि त्यात नुसती नावं नाही, तर नाती दाखवायची. कोण कोणाच्या जवळ, कोणाचं कोणाशी बोलणं नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या रेघा असतात. ती एका धाकट्या काकाच्या चौकोनापाशी थांबली आणि विचारलं, "हा का बोलत नाही आपल्याशी?" वाटणीचा वाद होता, एकवीस वर्षं जुना. नेमका काय, ते आम्हा दोघांना वेगवेगळं आठवत होतं. तिने तुटक रेघ काढली आणि पुढे गेली. त्या दिवाळीला आम्ही फोन केला. बोलणं तीन मिनिटं झालं, हवापाण्याचं.

पुस्तकातलं मूल कोणाचं?

आपल्या घरांतल्या मुलांना हा विषय शिकताना एक अडचण येते. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात बर्कलीत पालकांचे प्रकार सांगितले : हुकूमशाही पालक, मोकाट सोडणारे पालक, आणि धाक व माया दोन्ही ठेवून समजावून सांगणारे पालक. यातला तिसरा प्रकार उत्तम. वर्गात हे शिकताना आपली मुलं मनातल्या मनात आपल्याला पहिल्या खणात टाकून मोकळी होतात. आमच्या लेकीने टाकलंच होतं. पण वरच्या वर्गात तिला रूथ चाओ यांचा १९९४ चा लेख मिळाला. चिनी घरांत जी कडक शिस्त दिसते तिच्यात शिकवण्याचा आणि काळजीचा अर्थ असतो, तो 'हुकूमशाही' या शब्दात मावत नाही, असं चाओबाई म्हणतात. २०१० साली हेनरिक आणि सहकाऱ्यांनी त्याहून मोठा मुद्दा मांडला : मानसशास्त्रातले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजांतल्या माणसांवर झाले आहेत आणि जगाच्या मानाने हीच माणसं अपवाद आहेत.

मूल कुठे झोपतं एवढा साधा प्रश्न घ्या. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली भुवनेश्वर आणि शिकागोचं हाइड पार्क यांची तुलना केली. भुवनेश्वरच्या घरांत लहान मुलाला एकटं झोपवणं कोणाला पटेना, तर हाइड पार्कमध्ये नवरा-बायकोची खोली वेगळी हे जणू गृहीतच होतं. दोन्हीकडे लोकांना आपलं तेच नैसर्गिक वाटत होतं. (तान्ह्या बाळाच्या सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा. त्याला आपल्या खोलीत पण वेगळ्या पाळण्यात झोपवा असंच इथले डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकावं.)

आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, नातवाला सांभाळते आणि परत जाते, मग बाळाचं काय होतं? आणि आजीचं? हे प्रश्न आपल्याला पडतात, कारण आपल्या घरांत ते घडतं. लेकीने तिचा शेवटच्या वर्षाचा पेपर यावरच लिहिला. तिची आजी दोनदा अशी येऊन गेली होती.

इथे पॉलीन बॉस यांचा उल्लेख करायलाच हवा. या मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक होत्या. त्यांची डॉक्टरेट विस्कॉन्सिनची, आणि याच विषयातली. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला. माणूस गेला म्हणावं तर खात्री नाही, आहे म्हणावं तर समोर नाही, अशा दुःखाला त्यांनी नाव दिलं. आपण मराठीत 'अधांतरी दुःख' म्हणू. १९९९ साली त्यांचं यावर पुस्तक आलं. त्यात त्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरांबद्दल लिहितात आणि देश सोडून आलेल्यांबद्दलही. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून विस्कॉन्सिनला आलेले, आणि मनाने कायम तिकडच्या घरी असलेले. हे पुस्तक आमच्या घरी लेकीच्या अभ्यासाचं म्हणून आलं. ते अजून आमच्या पलंगाशेजारी आहे.

नोकरी आणि पैसा

आता खरं बोलायची वेळ. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१५ च्या अहवालात मेजरनुसार कमाईची यादी होती. वर पेट्रोलियम इंजिनियरिंग, वर्षाला १,३६,००० डॉलर. तळाला बालशिक्षण, ३९,००० डॉलर. सरकारी आकडेवारीत मे २०२३ मध्ये पाळणाघरात काम करणाऱ्यांचा मध्यम पगार वर्षाला ३०,३७० डॉलर होता, प्रीस्कूल शिक्षकांचा ३७,१३०. नुसती बॅचलर्स घेऊन थांबलं तर बऱ्याच जणांची सुरुवात अशाच पगारावर होते. बालपणाची पहिली पाच वर्षं सगळ्यात महत्त्वाची असं सगळे म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्यांना सगळ्यात कमी पैसे देतात. आम्हाला हे अजिबात पटत नाही, पण आमच्या न पटण्याने कर्ज फिटत नाही. म्हणून या विषयासाठी परराज्यातल्या महागड्या कॉलेजचं मोठं कर्ज काढू नये, असं आमचं स्पष्ट मत. चांगले विभाग बहुतेक सरकारी विद्यापीठांतच आहेत.

दुसरं म्हणजे ही पदवी स्वतः लायसन्स देत नाही. ती अर्धी वाट आहे. पुढे कुठे जायचं ते दुसऱ्या वर्षाअखेर ठरवलं तर त्याला लागणारे कोर्सेस चार वर्षांत बसतात. नाही तर एक-दोन वर्षं वाया जातात. आमच्या ओळखीच्या एका मुलाला स्पीच थेरपीला जायचं होतं. त्याला हे चौथ्या वर्षी कळलं आणि आधीचे कोर्सेस पूर्ण करायला आणखी वर्ष गेलं.

कौटुंबिक समुपदेशक, म्हणजे मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायचं तर मास्टर्स हवी आणि नंतर देखरेखीखाली काम. कॅलिफोर्नियात त्याचे ३,००० तास भरावे लागतात. मे २०२३ मध्ये यांचा मध्यम पगार ५८,५१० डॉलर होता. सोशल वर्कला जायचं असेल तर आधी विचार करा : सोशल वर्कचीच बॅचलर्स असली तर पुढची मास्टर्स बऱ्याच ठिकाणी कमी वेळात होते, एचडीएफएसला ती सवलत मिळत नाही. स्कूल काउन्सेलरलाही मास्टर्स. ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच, फिजिकल थेरपी या सगळ्यांना शरीरशास्त्र वगैरे वेगळे विषय लागतात, आणि फिजिकल थेरपीला तर डॉक्टरेटच. सरकारी शाळेत शिकवायचं तर राज्याचं प्रमाणपत्र, ते काही विभागांत पदवीबरोबर मिळतं, काहींत नाही. प्रवेशापूर्वी नेमकं हेच विचारा. तीन वर्षांखालच्या, वाढीत मागे पडणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शनची सेवा असते, तिथेही या मुलांना काम मिळतं. पालकांचे वर्ग घेणं वगैरे कामांसाठी नॅशनल काउन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्सचं 'सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर' प्रमाणपत्र आहे. काही विभागांचा अभ्यासक्रम त्यासाठी आधीच मान्य झालेला असतो.

आमची लेक चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट झाली. हा शब्दही आम्ही तिच्यामुळेच ऐकला. मुलांच्या इस्पितळात असतात ही माणसं. सहा वर्षांच्या मुलाला एमआरआयच्या नळीत शिरायचं असेल तर आदल्या दिवशी खेळण्यातल्या यंत्रात त्याच्या अस्वलाला घालून दाखवायचं. कुठला आवाज येईल, आई कुठे उभी असेल, सगळं खरं सांगायचं. "दुखणार नाही" असं खोटं सांगायचं नाही. कधीकधी भावंडाला वाईट बातमी कशी सांगावी यात आईबापांना मदत करायची. त्यासाठी पदवी, ठरावीक कोर्सेस, किमान ६०० तासांची इंटर्नशिप आणि परीक्षा लागते. इंटर्नशिप मिळणं फार कठीण. तिला दोन फेऱ्यांत नकार आले, तिसऱ्यांदा मिळाली. त्या दीड वर्षात ती पाळणाघरात काम करत होती, आणि आम्ही नातेवाइकांना "अजून शिकतेय" असं सांगत होतो. ते तिला कळलं होतं. तिने पुढे एकदाच बोलून दाखवलं.

व्हिसावरच्या कुटुंबांसाठी

मूल एच-४ वर असेल तर हे नीट वाचा. एकविसाव्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो आणि बहुधा एफ-१ घ्यावा लागतो. एच-४ किंवा एफ-१ वर केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. राज्याच्या रहिवाशाची फी लागेल की नाही ते राज्याराज्यावर आहे. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे प्रॅक्टिकम बिनपगारी आहे ना हे आधी तपासावं. पदवीनंतर एफ-१ च्या मुलांना ओपीटीखाली काम करण्याचं वर्ष मिळतं आणि 'स्टेम' यादीतल्या विषयांना वर दोन वर्षं. यादी विषयाच्या सरकारी क्रमांकावरून ठरते. डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी त्या यादीत आहे, एचडीएफएस नाही. शिकवतात ते पुष्कळसं सारखंच, पण कागदावरचा क्रमांक वेगळा, आणि या कागदावर दोन वर्षं अवलंबून असतात. नियम बदलत राहतात, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून क्रमांक लेखी मागून घ्यावा.

विभाग पाहायला जाल तेव्हा पदवीनंतर वर्षभरात मुलं कुठे गेली त्याची यादी मागा. देतात. लॅब स्कूल स्वतःचं आहे का, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संशोधनात घेतात का, प्रॅक्टिकमची जागा विभाग शोधतो की विद्यार्थ्याला शोधावी लागते, हेही विचारा. आणि प्रश्न मुलाला विचारू द्या. आम्ही आमच्या वेळी सगळे प्रश्न आम्हीच विचारले, आणि परतीच्या दोन तासांत गाडीत कोणी बोललं नाही.

मंडळाच्या गणपतीला लेक दरवर्षी येते. कोणाला तिच्याशी बोलायचं असेल तर जेवणानंतर गाठा. त्याआधी ती स्टेजमागे छोट्यांच्या नाटकाच्या गडबडीत असते.